खोकला गेला, तोल गेला

ज्यांच्या घरात सध्या कुणी टीबीच्या गोळ्या खातंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. सायकल दुरुस्त करणारा माणूस आहे, आठवीपर्यंत शिकलेला आणि स्वभावानं तुसडा. त्यामुळं यात धीर देणारं फारसं काही सापडणार नाही. धीर द्यायला पाहुणे येतातच. ते 'काही होत नाही' म्हणतात, चहा नको म्हणतात आणि उंबऱ्याबाहेरूनच परत जातात.

माझं नाव मुंजाजी. वालूर-सेलू रस्त्यावर आमच्या गावचा फाटा आहे, तिथं माझं दुकान. चार पत्रे, एक बाभळीचा ओंडका आणि वर टांगलेले जुने टायर. पंक्चर काढायचं, वाकडं फिरणाऱ्या चाकाच्या तारा आवळून-ढिल्या करून त्याचा आउट काढायचा, पेरणीआधी लोकांच्या सायकली खोलून, धुऊन, छर्रे बदलून पुन्हा जोडायच्या. गावात मोटारसायकली दोनच होत्या. बाकी सगळं गाव माझ्या पान्यावर फिरतं, असा माझा तोरा होता.

दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की आमच्या फाट्यावरून देवगाव फाट्यापर्यंत आणि परत अशी सायकल शर्यत व्हायची. शर्यतीची सायकल म्हणून वेगळी कुणाकडं नव्हती. घरचीच बावीस इंची काळी सायकल. तिचं मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, घंटी सगळं उतरवून ठेवायचं. मागं अठरा दात्यांचं फ्रीव्हील असतं, ते काढून सोळाचं बसवायचं. चढाला मांड्या फाटतात, पण सपाटीला सायकल सुटते. छर्रे नवे टाकायचे आणि जाड ग्रीसऐवजी पातळ तेल सोडायचं. वालूरचा एक पैलवान गडी होता, तो तीन वर्षं पहिला आला आणि मी तीन वर्षं दुसरा. पहिल्याला स्टीलचा हंडा मिळायचा, दुसऱ्याला नारळ. तीन नारळ खाल्लेल्या माणसाच्या मनात दुसरं काय असणार?

*

पोळा झाला आणि खोकला लागला. बिडी सोडली, अडुळसा झाला, हळद-दूध झालं. एके दिवशी चाक चिमट्यात लावून तारा आवळत होतो, तेवढ्यात ढास लागली आणि रिमवर लाल थेंब उडाले. मी आधी चाकच पाहिलं, कुणाच्या सायकलीचा रंग लागला की काय म्हणून. मग मिशीला हात लावला.

थोरले भाऊ बापूदादा मला परभणीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीकडं धरला. उजवीकडं वर पांढरं जाळं होतं. टीबी आहे, इथं ठेवून घेतो, रोज सुई, आणि गोळ्या अठरा महिने, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मला त्यातलं अठराच ऐकू आलं.

"डॉक्टरसाहेब, सव्वीस जानेवारीपस्तोर हुईल का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. दादांना विचारलं, "यांना समजतंय का मी काय सांगतोय ते?" दादा मान खाली घालून उभे राहिले, शरम त्यांनाच आल्यासारखे. मला मरणाची भीती नंतर वाटली. त्या घडीला एवढंच वाटलं की चौथा नारळसुद्धा गेला.

कपडे आणायला आम्ही एकदा गावाकडं परत आलो. जाताना एसटीत आम्ही एका बाकावर बसलो होतो. येताना दादा दोन बाक पुढं जाऊन बसले. म्हणाले, तुला नीट पसरून बसता यावं. इतकी काळजी त्यांनी आधी कधी केली नव्हती.

*

वॉर्डात दिवस सुईवरून मोजायचे. सकाळी नर्सबाई उकळलेल्या सुयांचा ट्रे घेऊन यायच्या. आम्ही सगळे लुंग्या सावरत भिंतीकडं तोंड करून रांगेत उभे राहायचो. सुई बोथट असली की पुढच्याच्या विव्हळण्यावरून मागच्याला कळायचं. मग गोळ्या, मग पातळ वरण, मग दिवसभर छताकडं बघायचं. प्रत्येकाच्या खाटेखाली थुंकीचा एक डबा, फिनेल टाकलेला. संध्याकाळी भेटीला आलेले लोक त्या डब्यापासून अंतर ठेवून उभे राहायचे आणि बोलताना नजर त्याच्यावरच ठेवायचे.

शेजारच्या खाटेवर चुडाव्याचे एक म्हातारे बाबा होते, रेल्वेत रुळावर हातोडा मारण्यात जन्म गेलेला. त्यांना रोज एक उकडलेलं अंडं मिळायचं. आमच्या घरात माळ होती, अंडं चालत नव्हतं. बाबा अंडं सोलून अर्धं माझ्या थाळीत टाकायचे आणि म्हणायचे, "खा. माळ नाही, तूच खायलायस." त्या महिन्या-दीड महिन्यात मला सख्ख्या माणसांकडून मिळालं नाही तेवढं त्या अर्ध्या अंड्यातून मिळालं. एका सकाळी मी तोंड धुऊन आलो तर बाबांच्या खाटेवरची गादी उलटी करून ठेवलेली होती. नर्सबाई म्हणाल्या, गेले. कुठं ते विचारायची गरज नव्हती. मी त्या दिवशी जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी मात्र दोन वेळा मागून जेवलो. भीती अशीही असते.

*

घरी आलो तेव्हा माझी खाट गोठ्याच्या बाजूच्या सोप्यात टाकलेली होती. ताट वेगळं, तांब्या वेगळा. वहिनींनी लेकरांना दम दिला होता, काकाजवळ जायचं नाही. बायको कौसल्या मात्र ताट आणून समोर बसायची आणि मी जेवेपर्यंत उठायची नाही. तिला सगळ्यांनी समजावून पाहिलं. तिच्या माहेरचेही येऊन गेले, चार महिने चल म्हणाले. ती गेली नाही. बोलायचीही नाही फारसं. दिवसभर कामं उरकायची आणि जेवताना येऊन समोर बसायची.

शर्यत झाली. मी दुकानाच्या आतूनच बघितली. पैलवान पुन्हा पहिला आला.

दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक आलं नाही. याचं कारण माझ्या बोटावर होतं. सायकलमध्ये हवा भरली की आम्ही मिस्त्री लोक वॉल्व्हच्या तोंडावर बोटानं थुंकी लावतो. बुडबुडा आला तर आतली रबरी नळी गेलेली, नाही आला तर ठीक. पाण्याचं टमरेल शेजारीच असतं, पण हाताला सवय थुंकीचीच. आता फाट्यावर सगळीकडं झालं, मुंज्या थुंकी लावतो. मी सगळ्यांसमोर टमरेल पुढं ठेवलं, पाणी लावून दाखवलं, शपथा घेतल्या. पालथ्या घड्यावर पाणी. लोक पंक्चर झालेली सायकल ढकलत सेलूला न्यायला लागले, माझ्या दुकानासमोरून.

हे कडूच आहे, पण याहून कडू मला स्वतःबद्दल सांगायचंय. नामांतराचा दंगा पेटला होता त्या साली आमच्या फाट्यावरच्या दुकानदारांनी ठरवलं, दलित वस्तीवरच्या लोकांना काही द्यायचं नाही. मला कुणी धमकी दिली नव्हती. तरी मी पंप उचलून आत ठेवला आणि आलेल्या माणसाला पंप बिघडलाय म्हणालो. तो माणूस सोनकांबळे. हिवतापाच्या गोळ्या वाटत गावोगाव सायकलवर हिंडणारा सरकारी कर्मचारी. आणि आता घरी येऊन मला सुया टोचायला, महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणून द्यायला, सगळ्या गावात तयार झालेला माणूसही सोनकांबळेच.

आठ-दहा सुया झाल्या तरी तो त्यावर काही बोलला नाही. मला वाटायचं, बोलावं. शेवटी मीच म्हणालो, "सोनकांबळे, त्या साली पंप बिघडला नव्हता. म्या आत ठिवला होता."

"म्हाईत हाय," तो सिरिंजमधली हवा काढत म्हणाला. "सेलूपस्तोर ढकलीत नेली सायकल. कंबर ढिली सोडा, सुई मोडंल."

एवढंच. माफ केलं असंही म्हणाला नाही, आणि मलाही मागायची हिंमत झाली नाही.

*

उन्हाळ्यापर्यंत खोकला थांबला. वजन वाढलं. थुंकी तपासली तर जंतू नाहीत, असा कागद आला. गोळ्यांचे आठ महिने झाले होते, दहा राहिले होते. गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत मळमळायचं, पाय जड व्हायचे. सराव सुरू केला होता, पण पहिल्याच चढाला पोटातलं वर यायचं.

इथं मी जी चूक केली ती कुणा शेतकऱ्यानं केली नसती, मास्तरानं केली नसती. ती मिस्त्रीच करू जाणे. माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं, नट बसला की हात थांबव. बसलेल्या नटाला आणखी एक वेढा दिला तर आटे जातात, मग तो ना आवळतो ना सुटतो. चाक सरळ फिरायला लागल्यावर तारा आवळत राहील तो मिस्त्री अडाणी. मी म्हटलं, खोकला गेला, रक्त गेलं, म्हणजे चाक सरळ झालं. आता या गोळ्या म्हणजे बसलेल्या नटाला वेढे देणं आहे. सोनकांबळेकडून गोळ्या घ्यायचो, त्याच्यासमोर उशाखाली ठेवायचो आणि तो गेला की ओढ्यात टाकून यायचो. विचारलं तर 'चालू हायत' म्हणायचो.

आठवड्यात मळमळ गेली. पावसाळाभर चिखलातून सायकल मारली. दिवाळीनंतर देवगाव फाट्यापर्यंत न थांबता जायला लागलो. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

सव्वीस जानेवारीला पैलवान आणि मी परतीच्या वाटेवर शेवटच्या पुलापर्यंत हँडलला हँडल लावून होतो. पूल उतरताना त्याची चेन उतरली. मी मागं वळून पाहिलं नाही. पहिला आलो. ज्यांनी वर्षभर माझ्याकडून हवा भरली नव्हती त्यांनी मला खांद्यावर घेतलं. त्याच दिवशी दुपारी चार सायकली दुकानात आल्या. शर्यत जिंकणारा माणूस रोगी कसा असेल, असं म्हणायला लागले. घरी हंडा आणला. वहिनींनी तो फळीवर ठेवला, पाणी मात्र जुन्याच हंड्यात भरलं.

तीन आठवडे माझं दुकान भरलेलं होतं. चौथ्या आठवड्यात पुन्हा रक्त पडलं.

*

दुसऱ्यांदा परभणीला गेलो, गोळ्या सोडल्याचं कबूल केलं. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, पहिल्या गोळ्या आता तुमच्यावर नीट चालतील याची खात्री नाही. आता नवी औषधं आणि रोज सुई, पहिल्यापेक्षा जास्त दिवस. हाही इलाज अर्धवट सोडलात तर माझ्याकडं काही उरणार नाही. दादा बरोबर आले नव्हते. मी आणि कौसल्या.

मी शहाणा झालो. एक गोळी चुकवली नाही, एक सुई चुकवली नाही. सोनकांबळे पुन्हा रोज यायला लागला. ओढ्यातल्या गोळ्यांचं त्याला दवाखान्यातून कळलं होतं. तो फक्त म्हणाला की आता तो समोर उभा राहून गिळायला लावणार, आणि तसंच केलं.

दोनेक महिन्यांनी कानात रातकिडे ओरडायला लागले, भरदिवसा. मग जमीन हलायला लागली. मान वळवली की समोरचं घर मागाहून वळायचं. मला वाटलं, अशक्तपणा. खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. हे सांगितलं तर सुई बंद करतील, आणि सुई बंद झाली तर मी मरणार. एकदा औषध सोडून मेल्यासारखा झालो होतो, आता काहीही झालं तरी सोडायचं नाही. म्हणून भिंत धरून चालायचो आणि कुणी विचारलं तर झोप झाली नाही म्हणायचो.

सोनकांबळेनं एके सकाळी मला अंगणात भिंत धरून येताना पाहिलं. त्यानं पिशवी खाली ठेवली, मला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मी त्याच्या अंगावरच पडलो.

"कदीपासून व्हायलंय हे?"

"पंधरा दिस झाले."

"अन् गप बसलात?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "गोळ्या सोडल्या तवाबी गप. आता बी गप. तुमाला तोंड दिलंय कशाला?"

त्या दिवशी त्यानं सुई दिली नाही. चिठ्ठी लिहून मला परभणीला पाठवलं. डॉक्टरांनी सुई बंद करून दुसऱ्या गोळ्या लावल्या. म्हणाले, या सुईनं काही लोकांच्या कानातला तोल जातो, लवकर थांबवली तर थोडा वाचतो. माझा किती वाचेल, हे बघत राहायचं. हे वाचणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, कानात आवाज आला, भोवळ आली, तर त्याच दिवशी सांगा. डॉक्टरकडं दुसरं औषध असतं. आपल्याकडं दुसरा कान नसतो.

फुप्फुस बरं झालं. पुढं दीड वर्षानं तसा कागदही मिळाला. कागद घेऊन आलो त्याच संध्याकाळी मी सायकल बाहेर काढली.

*

गावामागच्या पांदणीत सपाट वाट आहे, तिथं नेली. टांग टाकली, दोन पायडल मारली आणि बोरीच्या झुडपात गेलो. पुन्हा बसलो, पुन्हा गेलो. सायकल सरळ आहे की आडवी हे पूर्वी अंगाला कळायचं, विचार करावा लागत नव्हता. आता डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं, आणि डोळ्यांसमोरची वाट प्रत्येक खड्ड्याला उड्या मारायची. दुसऱ्या दिवसापासून कौसल्या बरोबर यायला लागली. लहान लेकराला शिकवतात तसं ती मागून कॅरिअर धरून पळायची. मी चाळिशीला आलेला, शर्यत जिंकलेला म्हणून तीन गावांत ओळखला जाणारा माणूस, आणि मागं बायको पदर खोचून पळतेय. धुणं घेऊन जाणाऱ्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

महिनाभर असं चाललं. तिनं धरलं की जायचो, सोडलं की पडायचो. एका संध्याकाळी मी जोरात मारली, तिचा हात सुटला नाही, आणि आम्ही दोघंही सायकलसकट खाली गेलो. तिचं कोपर सोललं. मी उठलो नाही. तिथंच मातीत बसून स्वतःला शिव्या घालायला लागलो. म्हणालो, त्या गोळ्या ओढ्यात टाकल्या नसत्या तर दुसऱ्यांदा सुया लागल्या नसत्या, आज मी सायकलवर असतो. मीच माझ्या हातानं केलं, तेव्हा दुसऱ्या कुणाला ठाऊकसुद्धा नव्हतं.

कौसल्या कोपराची माती झटकत होती. तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं.

"मला म्हाईत होतं."

मला नीट कळलं नाही.

"ओढ्याला धुणं धुवायला जात न्हवते का मी? दगडाच्या कपारीत गोळ्या दिसल्या होत्या. पैल्याच आठवड्यात."

"मग बोलली कामून न्हाईस?"

तिनं आडवी पडलेली सायकल उभी केली. मग म्हणाली, "लोक तुमच्या दुकानापुढून सायकली ढकलीत न्यायचे, ते मला बघवत न्हवतं. मला वाटलं, एकदा जितू द्या. मंग सांगते."

माझा संताप झाला. अडीच वर्षं मी जी चूक एकट्यानं उरावर घेऊन हिंडत होतो, तिच्यात ही पहिल्या आठवड्यापासून होती. ओरडायला तोंड उघडलं आणि मनात आलं, तिनं अडवलं असतं तर मी ऐकलं असतं का? कदाचित तिच्यावर हात उगारला असता. पण भांडण झालं असतं. आवाज शेजारी गेला असता, दादा आले असते, सोनकांबळेच्या कानावर गेलं असतं, आणि त्यानं मला तेव्हाच समोर उभा राहून गोळ्या गिळायला लावल्या असत्या.

दिवस मावळला होता, आणि उजेड कमी झाला की मला पायीसुद्धा नीट चालता येत नाही. ती हँडल धरून सायकल ढकलत निघाली आणि मी कॅरिअर धरून मागं. त्यानंतर मी सायकलवर बसलो नाही. दुकान आजही आहे. दुरुस्त केलेली सायकल ज्याची त्यानंच चक्कर मारून बघायची, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो.

गोळ्या खाणाऱ्याला काय सांगायचं ते वर सांगून झालं. हे शेवटचं घरच्यांसाठी. तुमच्या माणसानं औषध सोडलंय असं कळलं, तर त्याला काय वाटेल याचा विचार करू नका. शर्यत असो, लेकीचं लग्न असो, पेरणी असो, भांडा. ताट फेकेल, चार दिवस बोलणार नाही, तरी भांडा. आमच्या घरात त्या पावसाळ्यात एक भांडण व्हायला पाहिजे होतं. ते झालं नाही. मी टाकलेलं लपवलं, तिनं पाहिलेलं. आम्ही दोघांनी एकमेकांचं मन राखलं.